सायकल-भ्रमंतीसाठी जीपीएस कॉम्प्युटर कसा निवडावा

सायकलचा जीपीएस कॉम्प्युटर म्हणजे हँडलबारवर बसवायचे, मुठीत मावणारे एक यंत्र. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून ते आपण कुठे आहोत हे ठरवते आणि त्यावरून वेग, अंतर, चढ मोजते. नकाशा असेल तर पुढची वाटही दाखवते. म्हणजे कामे दोन : मोजणे आणि वाट दाखवणे. ही यंत्रे घडली ती मुख्यतः पहिल्या कामासाठी, शर्यतीत उतरणाऱ्या आणि रोजचा सराव आकड्यांत बांधणाऱ्या सायकलस्वारांसाठी. त्यामुळे दुकानात किंवा जाहिरातीत पुढे येतात ते हृदयाचे ठोके, पायांची ताकद, सरावाचे आलेख आणि विश्रांतीचे सल्ले. आठ दिवसांची रजा काढून अलिबागहून रत्नागिरीला निघालेल्या माणसाला यातले फारसे काही लागत नाही. त्याला पुढच्या फाट्यावर कुठे वळायचे, चढ अजून किती उरला आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकेल का, एवढे कळले तरी पुरते. भ्रमंतीसाठी यंत्र घेताना पहिली कसोटी मोजमापाची नव्हेच. ठरवलेली वाट सुटल्यावर ते यंत्र काय करते, ही खरी कसोटी आहे. बाकीचे निकष तिच्यामागून येतात.

आधी यंत्राच्या मुळाशी असलेल्या व्यवस्थेविषयी. जीपीएस ही अमेरिकेच्या संरक्षण खात्याची प्रणाली. तिचा पहिला उपग्रह 1978 मध्ये सोडला गेला आणि 1995 मध्ये ती पूर्ण क्षमतेने सुरू झाली. जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सतत प्रसारित करत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश एकाच वेळी मिळाले की यंत्राला स्वतःचे ठिकाण काढता येते. 2000 सालच्या मे महिन्यापर्यंत नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. ती बंद झाली आणि घरगुती वापराच्या यंत्रांना खऱ्या अर्थाने दिवस आले. आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या प्रणालीही मदतीला आहेत. भारताची नाविक प्रणाली सात उपग्रहांच्या आराखड्यावर उभी राहिली, आणि देश व सीमेपलीकडचा सुमारे 1,500 किलोमीटरचा पट्टा हे तिचे क्षेत्र. मोबाइलला रेंज नसली की जीपीएस बंद पडतो, हा समज फार पसरलेला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. उपग्रहाचा संदेश टॉवरमधून येत नाही. रेंज लागते ती इंटरनेटवरचा नकाशा उतरवून घ्यायला. नकाशा आधीच यंत्रात असेल तर ऐन घाटात, जिथे फोनवर एकही काडी दिसत नाही तिथेही वाट दिसत राहते.

ठिकाणाची अचूकता हा विक्रेत्यांचा आवडता विषय आहे, पण भ्रमंतीपुरता त्यावर फार वेळ घालवू नये. मोकळ्या आभाळाखाली साधे यंत्रही साधारण पाच मीटरांच्या आत ठिकाण सांगते. अडचण येते ती एका बाजूला उभा कडा आणि डोक्यावर दाट झाडी असलेल्या रस्त्यावर. तिथे संदेश कातळावर आपटून वळसा घेत यंत्रापर्यंत पोहोचतो, आणि पडद्यावरचा बाण रस्ता सोडून दरीत उतरल्यासारखा दिसतो. दोन वारंवारतांवर संदेश घेणारी नवी यंत्रे ही चूक बऱ्यापैकी आवरतात. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजावेत का? ताम्हिणी किंवा वरंध घाटात रस्ता एकच असतो. बाण वीस मीटर सरकला म्हणून कोणी चुकत नाही. खोक्यावर किती प्रणालींची नावे छापली आहेत यावरही निर्णय करू नये. सायकलस्वाराला चकवा बसतो तो बहुतेक वेळा नकाशामुळे.

नकाशाच्या बाबतीत या यंत्रांच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर कोऱ्या पडद्यावर नुसती एक रेघ दिसते : आधी भरून ठेवलेल्या मार्गाची. रेघेवरून चालत राहा, सुटलात तर परत या, एवढेच ते सांगते. आजूबाजूला दुसरा रस्ता आहे की नाही, हे त्याला ठाऊकच नसते. गार्मिनचे एज 130 प्लस किंवा ब्रायटनची स्वस्त यंत्रे या वर्गातली. मधल्या पायरीवर रेघेखाली नकाशा दिसतो, पण यंत्र तो स्वतः वाचू शकत नाही. माणसानेच पाहून मार्ग ठरवायचा. वरच्या पायरीवरची यंत्रे नकाशातले रस्ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे जाणतात आणि वाट सुटली तर तिथल्या तिथे, फोनच्या मदतीशिवाय, नवी वाट काढून देतात. गार्मिनचे एज एक्सप्लोर 2 आणि 1040, वाहूचे रोम, हॅमरहेडचे कारू ही या वर्गातली ओळखीची नावे. जाहिरातीत मात्र तिन्ही पायऱ्यांना ‘नेव्हिगेशन’ हा एकच शब्द लावलेला असतो, आणि घेणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

हा फरक प्रत्यक्षात काय करतो, ते कोकणच्या सागरी मार्गावर चांगले दिसते. महाराष्ट्रातल्या सायकल-भ्रमंतीची ही सर्वांत लाडकी वाट. अलिबाग, मुरूड, आगरदांडा. तिथून राजपुरीची खाडी ओलांडून दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि बागमांडला. सावित्रीच्या मुखापाशी पुन्हा बोट आणि पलीकडे वेश्वी. केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ. वाशिष्ठी ओलांडून धोपावे. गुहागर, हेदवी, तवसाळ. शास्त्री नदी ओलांडून जयगड आणि मग गणपतीपुळे. चार खाड्या, चार फेऱ्या. स्थानिक लोक ज्या बोटींना जंगलजेटी म्हणतात, त्यांत मोटारी, दुचाकी, माणसे, सायकली सगळे एकत्र पार होते.

आता दाभोळहून गुहागरला जायचा मार्ग यंत्राला विचारून पाहावा. नकाशात फेरीची रेघ नोंदलेली असेल आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये फेरी टाळण्याचा पर्याय बंद असेल, तर ते जेटीकडे नेते. काही मिनिटांत धोपावे येते आणि तिथून गुहागर फार दूर नाही. फेरी टाळण्याचा पर्याय चालू राहिला असेल, तर तेच यंत्र वाशिष्ठीच्या खाडीला पूर्ण वळसा घालून चिपळूणमार्गे नेऊ पाहते. सामान लादलेल्या सायकलवर हा अख्ख्या दिवसाचा फरक आहे. रेघ दाखवणारे साधे यंत्र इथे उलट जास्त भरवशाचे ठरते, कारण रेघ माणसाने आखलेली असते आणि ती थेट पाण्यावरून जाते. पण समजा दाभोळला पोहोचायला उशीर झाला, शेवटची बोट गेली आणि मुक्कामासाठी मागे दापोलीकडे किंवा आडवाटेच्या एखाद्या गावाकडे वळायचे झाले, तर रेघ दाखवणारे यंत्र गप्प बसते आणि वरच्या पायरीवरचे यंत्र उपयोगी पडते. बोटींचे वेळापत्रक कोणत्याच यंत्रात नसते. ते जेटीवर किंवा आदल्या मुक्कामाच्या गावी विचारावे लागते. या खाड्यांवर पूल बांधायची कामे हाती घेतलेली आहेत. पूल खुले होत जातील तसा हा नकाशा बदलत जाईल. म्हणून यंत्रातला नकाशा विनामूल्य आणि वरचेवर नवा करता येतो का, हेही घेतानाच पाहायचे असते.

दुसरी गोष्ट पाखाड्यांची. कोकणातल्या गावांत सड्यावरून खाली वाडीकडे किंवा समुद्राकडे उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटा असतात. नकाशावर अशी वाट नुसती ‘पायवाट’ म्हणून नोंदलेली असली आणि पायऱ्यांचा उल्लेख राहून गेला असला, तर ‘सर्वांत जवळचा मार्ग’ शोधणारे यंत्र बेधडक तिच्यावर पाठवते. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये शेवाळलेल्या पायऱ्या आणि मागच्या चाकाला वीस किलोंचे पॅनियर, म्हणजे सामानाच्या पिशव्या! अशा जागी सायकल वळवायलाही जागा नसते. यंत्रात रस्त्याचा प्रकार निवडता येतो : डांबरी, मिश्र किंवा डोंगरी. भ्रमंतीसाठी ‘डांबरी’ हा पर्याय ठेवावा आणि कच्च्या वाटेने जायचेच असेल तर ती स्वतः नकाशावर पाहून मग जावे.

तिसरी गोष्ट बंदी असलेल्या रस्त्यांची. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, 2024 च्या जानेवारीत खुला झालेला अटल सेतू, यांवर सायकलला मज्जाव आहे. सायकलसाठी मार्ग काढणाऱ्या यंत्राला हे कळते ते नकाशात तशी नोंद असेल तरच. फोनवरच्या गूगल मॅप्समध्ये 2017 च्या डिसेंबरपासून भारतासाठी दुचाकीचा पर्याय आहे आणि अनेक सायकलस्वार तो वापरतात. पण तो मोटरसायकलसाठी बनवलेला आहे. दोन किलोमीटर वाचवण्यासाठी तो ज्या चढावर चढवतो, त्या चढाची किंमत इंजिन चुकवते. इथे ती मांड्यांना चुकवावी लागते.

या बहुतेक यंत्रांतला नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पावर बेतलेला असतो. 2004 मध्ये स्टीव्ह कोस्ट याने इंग्लंडमध्ये तो सुरू केला. जगभरचे स्वयंसेवक आपापल्या भागातले रस्ते, गल्ल्या, विहिरी, जेट्या त्यात नोंदवतात आणि हा साठा सर्वांसाठी खुला आहे. जिथे नोंदवणारे पुष्कळ, तिथे नकाशा अगदी बारीक असतो. जिथे ते थोडे, तिथे मुख्य रस्ते ठीक आणि वाड्यावस्त्यांचे रस्ते अर्धेमुर्धे. पुणे आणि आडवळणाचा एखादा तालुका यांत हा फरक जाणवतो. यंत्र कितीही महाग घेतले तरी नकाशात नसलेला रस्ता त्याला दिसणार नाही. म्हणूनच नकाशावर चालणाऱ्या दोन यंत्रांतले अंतर किमतीच्या मानाने कमी असते. गावांची नावे शोधण्याचाही एक घोळ आहे. वडगाव, नांदगाव, पिंपळगाव या नावांची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि नकाशात ती बहुधा रोमन लिपीत, निरनिराळ्या स्पेलिंगांनी लिहिलेली असतात. यंत्रावर नाव टाइप करून निघण्यापेक्षा नकाशावर बोट ठेवून जागा निवडलेली बरी.

परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाकडून यंत्र मागवण्याची पद्धत मराठी घरांत रुळलेली आहे. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : काही कंपन्या यंत्रात ज्या भागात ते विकले त्याच भागाचा नकाशा भरून देतात. अमेरिकेत घेतलेल्या यंत्रात भारत कोरा निघू शकतो. गार्मिनच्या यंत्रांवर स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅपवरून तयार केलेले मोफत नकाशे केबलने चढवता येतात. वाहू आणि हॅमरहेड यांच्या यंत्रांवर भारताचा नकाशा थेट उतरवून घेता येतो. हे काम प्रवासाच्या आदल्या रात्री करायचे नसते.

यंत्राची निवड हा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग मार्ग आखण्याचा आहे, आणि तो मोठ्या पडद्यावर, घरी बसून करायचा असतो. राइड विथ जीपीएस, कोमूट, स्ट्राव्हा अशा सेवांवर मार्ग आखून तो जीपीएक्स फाइलच्या रूपाने यंत्रात घेता येतो. या सेवा अनेकदा ‘लोकप्रिय’ रस्ते सुचवतात, म्हणजे ज्यांवरून इतर सायकलस्वार पुष्कळ गेले ते. सायकलस्वारांची दाट वस्ती असलेल्या युरोपातल्या देशांत हा सल्ला चांगला ठरतो. आपल्याकडे तो जपून घ्यावा. इथले लांब पल्ल्याचे पुष्कळ सायकलिंग महामार्गांवर होते, कारण तिथे रुंद कडा, धाबे आणि रात्रीचा उजेड मिळतो. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत किंवा 600 किलोमीटर 40 तासांत पुरे करायच्या ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब सफरींसाठी ते योग्यच आहे. पण त्या वर्दळीच्या आधारे सुचवलेला मार्ग निवांत फिरायला निघालेल्या माणसालाही ट्रकांच्या रांगेत नेऊन सोडतो.

जीपीएक्स फाइलमध्येही दोन प्रकार असतात. एकात मार्गावरचे शेकडो बिंदू जवळजवळ दिलेले असतात. यंत्र ते जसेच्या तसे जोडते. दुसऱ्यात मोजके थांबे असतात आणि मधला रस्ता यंत्राने आपल्या मनाने काढायचा असतो. दुसऱ्या प्रकारची फाइल एका यंत्रात एक रस्ता दाखवते, दुसऱ्यात दुसरा. काळजीपूर्वक आखलेला मार्ग जसाच्या तसा हवा असेल तर पहिला प्रकार घ्यावा आणि निघण्यापूर्वी यंत्रात उघडून सर्व खाड्या आणि फाटे डोळ्यांखालून घालावेत. फाइलची एक प्रत स्वतःजवळ असावीच. 2020 च्या जुलैमध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिनच्या ऑनलाइन सेवा काही दिवस बंद पडल्या होत्या. यंत्रे चालू होती, पण नेहमीच्या रीतीने नवा मार्ग त्यांत पाठवता येत नव्हता. कोमूट ही जर्मन कंपनी 2025 मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेली. सेवा बंद पडतात, मालक बदलतात, वर्गणी वाढते. स्वतःजवळची फाइल राहते. ज्या यंत्रात केबलने किंवा फोनवरून साधी फाइल टाकता येत नाही, फक्त कंपनीच्या खात्यातूनच मार्ग घेता येतो, ते घेऊ नये.

सह्याद्रीत आणि कोकणात चढाचा अंदाज हा सोयीचा नव्हे, गरजेचा विषय आहे. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असे समजून निघालेल्यांची पहिल्याच दिवशी दमछाक होते. गाव खाडीच्या खोलगट भागात, दोन गावांमध्ये सडा; सडा चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. दिवसभरात एकूण चढाई सहज हजार मीटरांच्या घरात जाते, आणि सबंध दिवसात एकही मोठा घाट लागलेला नसतो. यंत्र उंची दोन रीतींनी काढते. एक, हवेच्या दाबावरून : समुद्रसपाटीजवळ दाब एक हेक्टोपास्कलने उतरला म्हणजे साधारण आठ-नऊ मीटर चढलो. दुसरी, नकाशासोबतच्या भूपृष्ठाच्या आकडेवारीवरून. अशा आकडेवारीचा एक मोठा स्रोत म्हणजे 2000 च्या फेब्रुवारीत एंडेव्हर अवकाशयानाने रडारने केलेले मोजमाप. त्यात जमीन सुमारे 30 मीटरांच्या चौकोनांत विभागलेली आहे. माळरानावर हे पुरेसे आहे. पण कड्याला कोरून काढलेल्या घाटरस्त्यावर तीस मीटर इकडे म्हणजे कड्याचा माथा आणि तीस मीटर तिकडे म्हणजे दरी. त्यामुळे घरी आखलेल्या मार्गाच्या आलेखात घाटात करवतीसारखे दाते दिसतात आणि एकूण चढाई फुगते. आलेखात पंचवीस-तीस टक्क्यांचा चढ पाहून घाबरून घाट टाळू नये. त्या जागी नकाशावर कडा आहे का, ते आधी पाहावे.

दाबमापक असलेले यंत्र प्रत्यक्ष रस्त्यावर जास्त खरे बोलते, पण त्यालाही हवामान फसवते. पावसाळी हवेत दाब काही हेक्टोपास्कलने खाली गेला तर जागेवर उभ्या असलेल्या सायकलची उंची पन्नास मीटरनेही वाढलेली दिसू शकते. यावर सोपा उपाय किनाऱ्यावरच मिळतो : जेटीवर बोटीची वाट पाहताना यंत्राला उंची शून्याजवळ आहे असे सांगून टाकावे. भ्रमंतीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांत दाबमापकच नसतो; घेण्याआधी हे तपासावे. त्याहूनही उपयोगाचे म्हणजे पुढचा चढ वेगळा काढून दाखवणारा पडदा. गार्मिन त्याला क्लाइंबप्रो म्हणते, वाहू समिट म्हणते, हॅमरहेड क्लाइंबर म्हणते. कुंभार्ली किंवा आंबोलीसारख्या घाटात अजून किती किलोमीटर, किती मीटर आणि पुढचा टप्पा किती तीव्र, हे कळले की माणूस दम राखून चढतो. शर्यतवाल्यांसाठी केलेल्या सोयींपैकी ही एक ओझे वाहणाऱ्या भटक्यालाच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

पडद्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक बाहेरच्या उजेडातच उजळ दिसणारा, कमी रंगांचा, थोडा फिका; दुसरा मोबाइलसारखा चकचकीत. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दुसरा नेहमीच जिंकतो. एप्रिलच्या उन्हात सड्यावर पहिला जास्त चांगला वाचता येतो आणि बॅटरी फार कमी खातो. म्हणून निवड दुकानाबाहेर, उन्हात, गॉगल लावून करावी. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी अक्षरांच्या आकाराकडे खास पाहावे; वेगात जाताना अर्ध्या सेकंदाच्या नजरेत वळण कळले नाही तर नकाशा असून नसल्यासारखा. स्पर्शाने चालणारा पडदा नकाशा सरकवायला फार सोयीचा आहे, पण पावसाचे थेंब आणि घामट बोटे त्याला भुलवतात. नेहमीच्या कामांसाठी खरी बटणे असावीतच. पाणी न शिरण्याच्या मानांकनाविषयीही गैरसमज आहे. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर खोल स्थिर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. जोराच्या फवाऱ्याखाली धुण्याची ती हमी नाही, आणि चार्जिंगच्या तोंडावरचे रबरी झाकण उघडून भर पावसात केबल जोडणे तर नाहीच.

बॅटरीच्या बाबतीत कंपन्यांचे आकडे असे : एज एक्सप्लोर 2 साठी 16 तास, वाहू रोमच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी 17, एज 1040 च्या सौर आवृत्तीसाठी भरपूर वापरातही 45, कोरोस ड्युरासाठी 120. मार्गदर्शन चालू, पडद्याचा उजेड वाढवलेला, फोन जोडलेला, झाडीत संदेश कमकुवत, अशा स्थितीत हे आकडे उतरतात. भ्रमंतीचा दिवस सायकल चालवण्याचा सहा-सात तासांचा असला तरी देवळे, किल्ले, जेवण आणि जेटी धरून यंत्र नऊ-दहा तास चालू राहते. रोज रात्री छताखाली मुक्काम असेल तर 15 तासांचे यंत्र पुरे. तंबूत राहणाऱ्याला, लडाख-स्पितीकडे जाणाऱ्याला किंवा ब्रेव्हे करणाऱ्याला जास्त हवे. बाकीच्यांनी त्यासाठी मोजायचे पैसे एका चांगल्या पॉवर बँकेवर घालावेत. ती फोन आणि दिवेही भरते.

मग फोनच का वापरू नये? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की पुष्कळांनी फोनच वापरावा. ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्ससारख्या अॅपमध्ये महाराष्ट्राचा नकाशा उतरवून घेतला की रेंजशिवाय वाट सापडते, आणि फोनवर नकाशा पाहणे यंत्रापेक्षा किती तरी सोपे आहे. महिन्यातून एक-दोनदा सकाळी निघून दुपारी परतणाऱ्याला वेगळ्या यंत्राची गरज नाही. चार-सहा दिवसांच्या प्रवासात मात्र फोनवर दुसरीच जबाबदारी असते. आज तोच पैशांचे पाकीट आहे. चहाच्या टपरीपासून घरगुती खानावळीपर्यंत पैसे त्यावरूनच दिले जातात. मुक्कामाची चौकशी, घरी खुशाली, अपघातात मदत, सगळे त्याच्यावर. तो उन्हात हँडलबारवर दिवसभर पडदा उजळून चालवला तर तापतो, मंद होतो आणि ऐन संध्याकाळी संपतो. मोटरसायकलच्या तीव्र कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातील भाग बिघडू शकतात, असा इशारा अॅपल कंपनीने 2021 मध्ये दिला होता. सायकलची कंपने त्याहून सौम्य, पण आपल्याकडचे काही रस्ते ती कसर भरून काढतात. वेगळ्या यंत्राचे सर्वांत मोठे समर्थन हेच : ते फोनला खिशात राहू देते.

बाकीच्या सोयींविषयी थोडक्यात. हृदयगती आणि पॉवर मीटर भ्रमंतीला अनावश्यक. चाकाला लावायचा वेगाचा सेन्सर स्वस्त आहे आणि बोगद्यात संदेश तुटला तरी अंतर बरोबर ठेवतो. मागून येणारे वाहन टिपणारा रडार मात्र महामार्गावर खरोखर उपयोगाचा. सुमारे 140 मीटरवरून येणारी गाडी तो पडद्यावर दाखवतो. यंत्र अशा रडारला जोडता येते का ते पाहावे. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी इनरीचसारखी उपकरणे परदेशात भटक्यांजवळ सर्रास असतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगणे बेकायदा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांवर त्यावरून कारवाई झालेली आहे. सायकलचा जीपीएस कॉम्प्युटर उपग्रहाकडून फक्त ऐकतो, त्याच्याकडे काही पाठवत नाही, म्हणून त्याला ही बंदी लागू नाही. सुट्टीत गावी येऊन कोकण फिरू पाहणाऱ्या परदेशस्थ मराठी सायकलस्वारांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

तेव्हा निर्णय असा. दिवसाच्या सहलींपुरता फोन आणि त्यात उतरवलेला नकाशा पुरे. ज्यांना मार्ग आधीच नीट आखायची सवय आहे आणि खर्च कमी ठेवायचा आहे, त्यांनी रेघ दाखवणारे साधे यंत्र घ्यावे आणि अडलेच तर फोन काढावा; ही जोडी कमी समजण्याचे कारण नाही. वर्षातून दोन-तीन मोठ्या प्रवासांना जाणाऱ्याने स्वतः नवी वाट काढणारे, बटणे आणि दाबमापक असलेले, 15 तासांच्या वर चालणारे मधल्या किमतीचे यंत्र घ्यावे. त्याच्यावरच्या किमतीत मिळते ते बहुतांश सरावाचे सामान आणि मोठा पडदा. घेण्यापूर्वी मित्राचे किंवा दुकानातले यंत्र हातात घेऊन त्यात दाभोळ ते गुहागर मार्ग काढून पाहावा. ते जेटीकडे नेते की चिपळूणकडे, आणि चिपळूणकडे नेत असेल तर ती चूक किती बटणे दाबून दुरुस्त करता येते, एवढ्यातून त्या यंत्राची बरीच परीक्षा होते.

आणि प्रवासाहून परतल्यावर एक काम करावे. नकाशात न सापडलेला रस्ता, पायऱ्यांची पाखाडी, बदललेली जेटी, वाहतूक बंद झालेला घाट, हे सारे ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवावे. खाते विनामूल्य उघडता येते, नोंद करायला दहा मिनिटे लागतात आणि नकाशाच्या पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती हजारो यंत्रांत पोहोचते.